यहूदाचे राजे आणि मिसरचे घोडे

‘माणसावर भरवसा ठेवू नका’ ही बायबलमधल्या इब्री (हिब्रू) संदेष्ट्यांची ताकीद आज प्रवचनात ऐकली की खाजगी श्रद्धेची शिकवण वाटते. मुळात तो दरबाराच्या परराष्ट्र धोरणावरचा हल्ला होता. यहूदा हे चिमुकले राज्य, राजधानी यरुशलेम, एका अंगाला मिसर (इजिप्त) आणि दुसऱ्या अंगाला अश्शूर (असिरिया). कुणा बलाढ्याच्या आश्रयाला जाण्याचा मोह तिथल्या राजांना सुटत नव्हता.

इ.स.पू. 734च्या सुमारास अराम (सिरिया) आणि उत्तरेकडचे इस्राएल यरुशलेमवर चालून आले. राजा आहाजची गाळण उडाली. वरच्या तळ्याच्या पाटाशी, परटाच्या शेताच्या वाटेवर संदेष्टा यशयाने त्याला गाठले. शांत राहा, भिऊ नकोस, एवढाच त्याचा सल्ला. आहाजने मंदिरातले सोने-रुपे काढून अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याच्याकडे धाडले. सोबत निरोप, मी तुझा दास, तुझा पुत्र! इ.स.पू. 732 मध्ये अरामची राजधानी दिमिष्क पडली, संकट टळले. पण यहूदा मांडलिक झाला तो झालाच.

आहाजचा मुलगा हिज्कीया याने अश्शूरचे जू झुगारले खरे, पण मदार ठेवली मिसरच्या घोडदळावर. मिसरी लोक माणसे आहेत, देव नव्हेत, असे यशयाने ठणकावले. वेढ्याच्या तयारीत नगरात पाणी साठवले, त्यावरही तो चिडला: तळे बांधलेत, पण हे सारे घडवणाऱ्याकडे पाहिले नाहीत. (इथे तो जरा अन्यायच करतो, पाण्याविना वेढा कसा सोसायचा?) इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. त्याच्याच कोरीव लेखानुसार त्याने 46 तटबंदीची नगरे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले. त्याचा सरदार नेमका त्याच तळ्याच्या पाटाशी उभा राहून ओरडला की मिसर म्हणजे चेचलेला बोरू, टेकणाऱ्याच्या हातातच घुसेल. शत्रू आणि संदेष्टा यांचे मिसरबाबत एकमत! यरुशलेम वाचले, पण बाकीचा मुलूख उद्ध्वस्त झाला.

शतकभराने राजा सिद्कीयाने तोच डाव टाकला, या वेळी बाबेलविरुद्ध (बॅबिलोन). फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, फौज निघाल्याचे कळताच खास्द्यांनी (बाबेलच्या सैन्याने) यरुशलेमचा वेढा उठवला आणि नगराला हायसे वाटले. ते परत येतील, हे नगर जाळतील, असे संदेष्टा यिर्मयाने बजावले. तसेच घडले, इ.स.पू. 586च्या सुमारास यरुशलेम जळाले. त्याआधी बाबेलला शरण जा म्हणणाऱ्या यिर्मयाला फितूर ठरवून कोंडले होते. मग हाही परक्या राजावरचा भरवसाच नव्हे का? यिर्मयाच्या लेखी नव्हता. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर हा देवाने कामाला लावलेला चाकर, आणि त्याच्या देशाचीही वेळ भरणार होती.