लॅपटॉपला एसएसडी बसवताना: खारा वारा, दमट हवा आणि जाणारी वीज

सात-आठ वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेतो. साधी फाइल उघडायची तरी गोल चक्र फिरत राहतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतं. अशा वेळी दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. हार्ड डिस्ककडून माहिती येईपर्यंत तो नुसता थांबलेला असतो. उपाय म्हणजे तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क बसवणं.

हिशोब करून पाहा. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ५.६ मिलिसेकंद लागतात. त्याआधी हेड योग्य ठिकाणी सरकायला साधारण १२. म्हणजे माहितीच्या एका तुकड्यामागे १७-१८ मिलिसेकंद गेले, आणि सेकंदाला जेमतेम ५५-६० तुकडे वाचून झाले. विंडोज सुरू होताना डिस्कभर विखुरलेले हजारो छोटे तुकडे लागतात. दहा हजार तुकडे एकामागून एक वाचायचे तर जवळजवळ तीन मिनिटं त्यातच जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. माहिती असते ती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही नॅन्ड फ्लॅश. तिथे एक तुकडा ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास हाती येतो, आणि तेच दहा हजार तुकडे सेकंदाभरात.

म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी) एसएसडी सेकंदाला ५५० मेगाबाइटपर्यंत वाचते, एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान जोडणी) ३५०० किंवा ७०००. पण हे आकडे मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत. हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी घातली की लॅपटॉपचा नूर पालटतो. साटाच्या जागी एनव्हीएमई आल्यावर रोजच्या कामात काही सेकंदांचाच फरक जाणवतो. व्हिडिओ संपादन करत नसाल तर जुन्या लॅपटॉपसाठी साटा भरपूर झाली. वाचलेले पैसे नव्या बॅटरीसाठी ठेवा. त्याचं कारण पुढे आहे.

खरेदीआधी मॉडेल नंबरवरून लॅपटॉपमध्ये कोणती जागा आहे ते बघा. अडीच इंची जागेत ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी बसते, जुन्या ९.५ मिलिमीटरच्या खाचेत ती हलते, म्हणून प्लास्टिकची चौकट लावा. एम डॉट टू प्रकारात, म्हणजे थेट बोर्डावरच्या खोबणीत बसणाऱ्या पातळ पट्टीत, बहुतेकदा २२८० लागते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. साटा आणि एनव्हीएमई दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, अनेकदा एकाच खोबणीत बसणाऱ्याही. पण खोबण फक्त एनव्हीएमईची असेल तर साटाची पट्टी घट्ट बसूनही लॅपटॉपला दिसत नाही. पट्टीला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. तरी खात्री मॅन्युअलमधूनच करा. परवडत असेल तर टीएलसी, म्हणजे एका कप्प्यात तीन बिट साठवणारी घ्या. क्यूएलसीत एका कप्प्यात चार बिट कोंबलेले असतात, आणि मोठी फाइल उतरवताना वेगवान राखीव जागा भरली की तिचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसते. ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

जुन्या डिस्कची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहून घ्या. 'पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या जागा) यासमोर शून्याशिवाय काही दिसलं तर क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करत बसू नका. आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाका, कारण मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास सलग वाचायला लावणं तिला शेवटचा धक्का ठरू शकतं. डिस्क धडधाकट असेल तर यूएसबी अडॅप्टरने एसएसडी जोडून क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने क्लोन करा. त्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) बंद करा, निदान त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. आणि जून ते सप्टेंबर या काळात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली हवी. अर्ध्यावर तुटलेला क्लोन कामाचा नाही.

आता हवेचं. गोव्यात मिरामार, कळंगुट, कोलवा या किनारपट्टीत वाऱ्यातून मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात आणि पंख्यावाटे लॅपटॉपच्या आत जाऊन बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं आणि धातूवर खारट पाण्याचा पातळ थर होतो, जो वीज वाहून नेतो. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. जुना लॅपटॉप उघडला की स्क्रूंच्या डोक्यावर तांबूस आणि कनेक्टरच्या टोकांवर हिरवट डाग दिसतात ते यामुळेच. डाग असतील तर नवा भाग तसाच खोचू नका. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावून टोकं पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

दुसरा धोका एसीचा. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या थोडा वर येतो. २२ अंशांच्या खोलीतला लॅपटॉप बाल्कनीत आणून लगेच उघडला तर आतल्या थंड धातूवर दव धरणारच. तो बंद पिशवीत ठेवून तासभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग हात लावा. काम एसीतच करायचं असेल तर तिथली हवा कोरडी असल्याने स्थिर विजेची शक्यता वाढते. सुरू करण्याआधी एखाद्या मोठ्या उघड्या धातूच्या वस्तूला हात लावावा.

उघडताना पीएच ० मापाचा (छोटा फुलीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर वापरा. मागचे स्क्रू सगळे सारखे नसतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्या जागेचा स्क्रू तिथेच टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला तर कीबोर्डच्या बाजूला टेंगूळ येतं. झाकणाच्या कडेने जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवा, चाकू नको. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा आणि ती बदलून घ्या. ती ठीक असेल तर आधी तिचा कनेक्टर सोडवा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या. एम डॉट टू पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी, सोनेरी टोकं दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा, आडवी दाबा आणि छोटा स्क्रू बेताने आवळा.

क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळख सारखी असल्याने विंडोजचा गोंधळ होतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर निळा पडदा आला तर एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) सुरू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नव्याने विंडोज टाकताना एसएसडी यादीतच दिसत नसेल, तर इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क हाताळणाऱ्या सोयीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

नंतर डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) नको, आणि १५ ते २० टक्के जागा रिकामी ठेवा. फ्लॅशमध्ये छोटं पान लिहिता येतं, पण पुसायचा असतो तो पानांचा अख्खा गठ्ठा. मोकळी जागा नसली की हलवाहलव वाढते आणि लिहिण्याचा वेग पडतो.

बॅटरी आता. तिच्यात जीव नसलेले अनेक लॅपटॉप थेट चार्जरवर चालतात. तशा स्थितीत वीज गेली की एसएसडीला हातातलं लिखाण संपवायला क्षणही मिळत नाही. घरगुती एसएसडीत त्यासाठी लागणारे, क्षणभराची वीज साठवणारे कपॅसिटर सहसा नसतात. कोणती माहिती कुठे आहे याची नोंद अर्धवट राहिली तर एखादी फाइलच नव्हे, पूर्ण ड्राइव्हही दिसेनासा होऊ शकतो.

बोटीवर किंवा आखातात कामाला असणारे अनेकजण लॅपटॉप महिनोन्‌महिने बंद ठेवून जातात. कप्प्यांतला भार विजेविना हळूहळू झिरपतो. लेखनमर्यादा (किती माहिती लिहिता येईल याची ठरलेली मर्यादा) संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांवर विजेविना वर्षभर माहिती टिकवावी, इतकीच जेडेक या मानकसंस्थेची अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण एकुलती प्रत तिच्यावर ठेवून वर्ष-दोन वर्षं जाऊ नका. काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल तर यूएसबी केसमध्ये घाला, तिच्यावर एक प्रत उतरवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.