सहा बाय सहा, तरीही नाराज

मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालेलं. तक्त्यावरची ६/६ ची, म्हणजे निरोगी नजरेची, ओळ धडाधड वाचली जाते, पेपरही चष्म्याविना वाचून होतो. तरी रुग्ण कुरकुरतो, "डॉक्टर, काहीतरी बरोबर नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांना असा रुग्ण अनोळखी नाही, आणि बरेचदा त्याच्या डोळ्यात मल्टिफोकल लेन्स असते, म्हणजे दूरचं आणि जवळचं दोन्ही दिसावं म्हणून बसवलेलं कृत्रिम भिंग.

हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. ते एकाच अंतरासाठी होतं, आजही बहुतेक भिंगं तशीच असतात: दूरचं स्वच्छ, जवळच्यासाठी चाळिशी. बहुतेक मल्टिफोकलवर मात्र सूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या असतात, त्या प्रकाश दूर आणि जवळ असा वाटून देतात. दोन अंतरांच्या नेहमीच्या भिंगात साधारण ४१ टक्के प्रकाश दूरच्या दृश्याला, ४१ टक्के जवळच्याला मिळतो आणि उरलेला वाया जातो. भाकरी एकच, वाटेकरी दोन. म्हणून संधिप्रकाशात करड्या रस्त्यावरचा करडा गतिरोधक नीट उठून दिसत नाही, आणि चंद्राला खळं पडावं तसं रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं. तक्ता हे काही मोजत नाही. तो पांढऱ्यावर ठसठशीत काळा असतो.

तरीही बहुतेक जण समाधानी असतात, चष्मा सुटल्याचा आनंद मोठा असतो. वलयांचा त्रासही अनेकांना काही महिन्यांत कमी जाणवतो. भिंग तेच राहतं, मेंदू सरावतो. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूचे एफएमआरआय, म्हणजे कुठला भाग किती राबतोय हे दाखवणारे स्कॅन, काढले. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात लक्ष देण्याशी निगडित भाग जादा राबताना दिसले. सहा महिन्यांनी ही धावपळ निवळली होती.

कधी दोष भिंगाचा नसतोच. थोडा उरलेला तिरका नंबर, कोरडे डोळे किंवा भिंगामागच्या पातळ पिशवीवर धरलेली साय, एवढ्यानेही वाटलेल्या प्रकाशाचा खेळखंडोबा होतो. साय लेसरने काही मिनिटांत उघडता येते. पण तक्रार पहिल्या दिवसापासूनची असेल, तर लेसरची घाई नको: पिशवी एकदा उघडली की भिंग बदलणं जोखमीचं होतं.

'चष्मा कायमचा जाईल' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. त्याआधी विचारायला हवं, रात्री गाडी चालवता का? काचबिंदू आहे का? डोळ्याचा पडदा ठणठणीत आहे ना? रात्रपाळीच्या ट्रकचालकाला साधं भिंग आणि खिशात चाळिशी, हाच सौदा बहुधा परवडतो.