काचबिंदूवरचे औषधोपचार

काचबिंदूत दृष्टीची नस हळूहळू खराब होत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यामुळे औषधांचं काम एवढंच, की डोळ्यातलं प्रेशर उतरवायचं आणि उरलेली नजर टिकवायची. प्रेशर साधारण १० ते २१ मि.मी. असतं. पण काहींची नस त्या मर्यादेतही खराब होते, आणि त्यांनाही प्रेशर आणखी उतरवायचेच थेंब देतात.

पहिलं औषध कोणी वापरलं यावर थोडा वाद आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबारच्या विषारी बीने बाहुली बारीक होते हे एडिंबराच्या फ्रेझरने १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवलं, १८६४-६५च्या सुमारास त्यातून एसेरीन (फायसोस्टिग्मीन) वेगळं झालं, पण काचबिंदूसाठी ते स्ट्रासबर्गच्या लाकरने १८७६ मध्ये सुचवलं (त्याला स्वतःलाच काचबिंदू होता, बहुधा म्हणूनच एवढी घाई). डार्मस्टाटचा वेबरही त्याच काळात यावर लिहीत होता, त्यामुळे काही लेखक दोघांना बरोबरीचं श्रेय देतात. पण एसेरीन लाकरचं आणि पायलोकार्पीन वेबरचं, ही वाटणी जास्त पटते. पायलोकार्पीन ब्राझीलच्या जॅबोरँडी झाडाचं, ते १८७५ मध्ये हार्डी आणि जेरार्ड यांनी स्वतंत्रपणे वेगळं केलं. त्याच्या थेंबांनी अंधारात दिसायला त्रास होतो, आता अचानक प्रेशर चढणाऱ्या प्रकारात वगैरेच वापरतात.

१९५०च्या दशकात असेटाझोलामाइडच्या गोळ्या आल्या (हातापायाला मुंग्या येतात), अमेरिकेत १९७८ मध्ये टिमोलॉल, १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट. लॅटानोप्रोस्ट हे प्रोस्टाग्लँडिन (शरीरातलंच एक रसायन) गटातलं, आणि प्रोस्टाग्लँडिनने प्रेशर वाढतं असाच आधी समज होता, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लास्लो बिटोने कमी डोसमध्ये उलटं होतं हे दाखवलं. टिमोलॉल आणि असेटाझोलामाइडने डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे, ज्याने प्रेशर राहतं ते) कमी तयार होतं, लॅटानोप्रोस्टने ते जास्त बाहेर जातं, रात्री एकच थेंब आणि प्रेशर साधारण पाव ते एक तृतीयांश उतरतं. त्याने पापण्यांचे केस लांब होतात, बुबुळ काळसर होऊ शकतं. दम्याच्या पेशंटला टिमोलॉल देत नाहीत, थेंब असला तरी नाकावाटे रक्तात जातोच.

फायदा किती? प्रेशर जास्त पण नस शाबूत अशा लोकांवरच्या अमेरिकन चाचणीत (२००२) ५ वर्षांत थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला, न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून कमी, पण न घेणाऱ्यांतही बहुतेकांना झालाच नाही, त्यामुळे प्रेशर दिसलं की लगेच थेंब सुरू करायचे का हे डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीनंतर सुरुवातीलाच थेंबांऐवजी लेसर करण्याकडे कल वाढलाय.

प्रेशर सोडून थेट नसच वाचवणारं औषध अजून नाही. मेमँटिनच्या (अल्झायमरवरचं औषध) मोठ्या चाचण्या फसल्या, निकोटिनामाइडवर (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सध्या काम सुरू आहे.