‘प्रकल्प करून आण’ आणि ‘चला, प्रकल्प करू’

रविवारी रात्री स्टेशनरीचं दुकान बंद व्हायच्या वेळी एखादे वडील धापा टाकत येतात आणि विचारतात, ‘सौरमाला आहे का?’ दुकानदार काही न बोलता काळा कार्डशीट, आठ लहान-मोठे चेंडू, रंग आणि डिंक काढून देतो. घरी आई चेंडू रंगवते, बाबा तार वाकवतात, मूल झोपलेलं असतं. सकाळी तेच मूल शनीची कडी मोडू नयेत म्हणून रिक्षात श्वास रोखून बसतं. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा वाटलं होतं की हा उद्योग जरा थंडावेल. त्याची जागा फोमशीटने घेतली, एवढंच.

शाळेच्या भाषेत याला ‘प्रकल्प’ म्हणतात. आणि हल्ली प्रशिक्षणांत दुसरा एक शब्द कानावर पडतो: प्रकल्पाधारित अध्ययन. नावात नातं असल्यामुळे पालकांना, आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांनाही, वाटतं की हे तेच, फक्त जरा मोठं. पण पहिल्यात धडा आधी शिकवून झालेला असतो आणि प्रकल्प त्याच्या शेपटीला बांधलेला असतो. तो केला नाही तरी शिकायचं काही राहत नाही, फक्त गुण राहतात. दुसऱ्यात धडा प्रकल्पाच्या पोटात असतो. प्रकल्प काढून घेतला तर धडाही जातो.

माझ्या चौथीच्या वर्गातली गोष्ट सांगतो. शाळेच्या मागच्या नळाखाली कायम चिखल. एक मुलगा तिथे घसरून पडला, रडला, आणि मग चिडून म्हणाला, ‘हा नळ दिवसाला किती पाणी सांडतो, सर?’ मी म्हटलं, ‘मोजायचं कसं?’ मापाचं भांडं शाळेत नव्हतं. कुणी हंडी लावू म्हणालं, पण हंडीत किती मावतं ते कुणाला माहीत? शेवटी एकीने पाण्याची रिकामी बाटली आणली, कारण तिच्यावर ‘1 लिटर’ छापलेलं होतं. बाटली भरायला 20 मिनिटं लागली.

मग गणित. एकाने उत्तर काढलं 18 लिटर. कसं? शाळा सहा तास, तासाला तीन बाटल्या. शेजारचा म्हणाला, ‘नळाला सुट्टी असते का रे?’ वर्ग हसला, आणि 72 लिटर हे उत्तर फळ्यावर आलं. मला हवा असलेला गुणाकार झाला होता, मी थांबलो असतो. मुलं थांबली नाहीत. संध्याकाळी सहाला टाकी भरतात, सकाळी दहाला आपण येतो, मग तेवढ्यात किती गेलं? 48 लिटर. शाळेची बादली बाटलीने भरून पाहिली तर 12 लिटरची निघाली. म्हणजे चार बादल्या. पोषण आहाराची भांडी घासणाऱ्या ताईंना विचारलं, तर त्यांना रोज साधारण तेवढंच पाणी लागतं!

सर्जनशीलता म्हणतात ती कुठे असते, हेही इथे दिसतं. ‘करून आण’ प्रकारात ती चमकी, झालर आणि सुबक अक्षरात शोधली जाते. मला ती त्या छापील बाटलीत दिसली. हस्तकलेला माझा विरोध नाही, कार्यानुभवाच्या तासाला ती हवीच. फक्त सजावटीला विज्ञान म्हणू नये.

हा विचार काही नवा नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. त्याचा गाभा हाच, की मुलाने स्वतःचा हेतू धरून, मन लावून काम केलं पाहिजे. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची, म्हणजेच ‘नई तालीम’ची, कल्पना मांडली. टकळीवर सूत काढता काढता गणित यावं, अशी ती दिशा. दोन्हींत काम आणि शिकणं वेगळं काढता येत नाही. मात्र नई तालीममध्ये उद्योग मोठ्यांनी ठरवलेला, आणि इथे प्रश्न मुलांचा.

मग घोळ कुठून झाला? माझ्या मते, रकान्यातून. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक, म्हणजे शिकताना वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांमध्ये ‘प्रकल्प’ हे एक साधन, ‘उपक्रम, कृती’ हे वेगळं. हेतू चांगलाच होता. पण रकाना दिसला की तो भरावा लागतो, आणि तो भरायला सगळ्यांत सोपी वस्तू म्हणजे तक्ता. शाळेला भेट द्यायला कुणी आलं तर भिंतीवरचा तक्ता छान दिसतो. ओल्या हाताने वहीच्या पानावर लिहिलेल्या नळाच्या नोंदी कुणाला दाखवायच्या? तरी गुण द्यायचे तर मी त्या पानाला देतो, 18 लिटरच्या खोडलेल्या उत्तरासकट.

सगळंच असं शिकवता येतं, असा मात्र माझा दावा नाही. पाढे पाठच करावे लागतात. वाचन रोज थोडं थोडं, समोर बसवूनच शिकवावं लागतं. नळाच्या कामातही निम्म्या वर्गाला तास आणि मिनिटांचा हिशेब जमेना, तेव्हा बाटली बाजूला ठेवून मी दोन दिवस फळ्यावर तेच शिकवलं. शिवाय गटात एक हुशार पोरगी सगळं करते आणि तिघं पाणी उडवत बसतात, हे दुखणं दोन्हीकडे सारखंच. त्यावर उपाय एकच सापडला: बाटली धरणारा रोज बदलायचा, आणि नोंद ज्याची त्याने स्वतःच्या वहीत करायची.

शेवटी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचं ठरलं. एरवी अर्जलेखन म्हटलं की वर्गात जांभया येतात. या वेळी ‘विनंती’तली वेलांटी पहिली की दुसरी, यावर भांडण झालं, आणि मसुदा तीनदा लिहिला गेला, कारण तो खरोखर कुणीतरी वाचणार होता. आठवड्याने नळ दुरुस्त करायला माणूस आला, 48 लिटरचा आकडा वाचून म्हणाला, ‘हे कुणी मोजलं?’ चाळीस हात वर झाले. खरं तर मोजणारे आठ-दहाच होते.

वॉशर बदलल्यावर मुलांनी पुन्हा बाटली लावली. 20 मिनिटांत तळाशी दोन थेंब. त्या दोन थेंबांचं चोवीस तासांचं गणित मांडायचं की नाही, यावर वर्गात अजून एकमत झालेलं नाही.