कुलमुखत्यारपत्र म्हणजे अर्धं मृत्युपत्र नव्हे

‘बाबांनी माझ्या नावाने पॉवर करून ठेवलीय, त्यामुळे पुढची काळजी नाही.’ पॉवर म्हणजे कुलमुखत्यारपत्र, पॉवर ऑफ अॅटर्नी. हे वाक्य इतक्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता चिडही येत नाही, कंटाळा येतो. ‘पुढची’ म्हणजे नेमकी कधीची, हे विचारलं की गडबड सुरू होते. बाबा गेल्यानंतरची? मग त्या कागदाचा उपयोग शून्य. बाबांना काही कळेनासं झाल्यानंतरची? तरीही जवळपास शून्य. ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून हा खटाटोप.

मृत्युपत्र बहुतेकांना ठाऊक असतं, त्यामुळे भरभर उरकतो. आपल्या पश्चात काय कुणाला जावं, हे लिहून ठेवायचं. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. (मुस्लिम व्यक्तींच्या मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत.) मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण माझा आग्रह विचाराल तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून टाका, उद्या सहीवरून होणारे निम्मे वाद तिथेच मिटतात. हवं तितक्या वेळा बदला, शेवटचं तेवढं धरायचं. जिवंतपणी त्याला काडीचाही अंमल नाही.

कुलमुखत्यारपत्र बरोब्बर उलट. आपण हयात असताना, आपल्या वतीने, आपल्या कामासाठी दुसऱ्याने सही करायची. मालकी तसूभरही हलत नाही. समजा, आईने मुलाला असा अधिकार दिला, म्हणजे मुखत्यार केलं. त्याने तिचा फ्लॅट विकला तर पैसे आईचे, मुखत्याराचे नव्हेत. आईचा अधिकारही जात नाही, ती स्वतः जाऊन विकू शकते. मुखत्याराला तिच्या वतीने मृत्युपत्र मात्र करता येत नाही. मुद्रांक किती, नोटरी पुरेल की नोंदणी हवी, हे काम कोणतं त्यावर ठरतं. स्थावराचा व्यवहार असेल तर नोंदणीकृतच करा आणि पुढे चला. त्यात डोकं खाण्यासारखं काही नाही.

डोकं खाण्यासारखं आहे ते १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. मुखत्यार हा कायद्याच्या नजरेत प्रतिनिधी, आणि प्रतिनिधित्व कधी संपतं ते हे कलम सांगतं. अधिकार देणारा किंवा घेणारा, दोघांपैकी कुणीही मरण पावला की संपतं. त्याच वाक्यात पुढे आहे: दोघांपैकी कुणाचीही मानसिक क्षमता गेली तरी संपतं.

मृत्यूचा भाग निदान ऐकून माहीत असतो, पाळला जात नाही एवढंच. सकाळी काका गेले आणि दुपारी पुतण्या ‘काकांतर्फे कुलमुखत्यार’ अशी सही करून पैसे काढायला बँकेत हजर. कारण विचारलं तर ‘अंत्यविधीचा खर्च’. हेतू चांगला असेलही, पण त्या सहीमागे आता कुणीच उभं नाही. मृत्यूची खबरच नसताना प्रामाणिकपणे केलेल्या व्यवहाराला कायदा सांभाळून घेतो. खांदा देऊन आलेल्या माणसाला नाही.

आता दुसरा भाग. समजा, ७८ वर्षांची आई, फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर. मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलेलं, त्यात कलम घातलेलं: ‘माझ्या आजारपणात अगर मी असमर्थ झाल्यास माझे वतीने...’. आई पडते, डोक्याला मार लागतो, कोमात जाते. रुग्णालयाचं बिल चढत चाललंय, फ्लॅट विकायचाय. ज्या दिवसासाठी हा कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निकामी झालेला असतो. स्मृतिभ्रंशातही तेच, फक्त तिथे क्षमता गेल्याची तारीख नसते. म्हणून तर भांडणाला जास्त वाव. मुलगी सह्या करत राहते, बँकही काही विचारत नाही, चालतं तोवर चालतं. मग दोन वर्षांनी धाकटा भाऊ मेंदुविकारतज्ज्ञाची फाइल काढून दाखवतो की विक्रीच्या तारखेला आई स्वतःच्या मुलांनाही ओळखत नव्हती.

इथे लोक वाद घालतात, कारण इंटरनेटवर त्यांनी वेगळं वाचलेलं असतं. वाचलेलं खोटं नसतं, ते परदेशातलं असतं. अमेरिकेत ‘ड्युरेबल’ नावाचा प्रकार आहे, इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने आलेला ‘लास्टिंग’ आहे. क्षमता गेल्यावरही ते टिकतात. आपल्या कायद्यात असा प्रकार नाही. तिकडे राहणारा मुलगा तिकडचा नमुना उतरवून पाठवतो, इकडे कुणीतरी त्याचं मराठी करतं आणि खाली ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे’ जोडून सही होते. अक्कलहुशारी गेली की कागद संपतो, हे त्या शेवटच्या ओळीकडे बघून तरी सुचायला हवं.

शरीर थकणं आणि मन थकणं यांत मात्र गल्लत करू नका. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, पण सगळं समजणारे आजोबा असतील तर कुलमुखत्यारपत्र खणखणीत चालतं. किंबहुना ते त्यांच्यासाठीच आहे. सही जमत नसेल तर बँका साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा घेतात, हाताचा शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही.

‘मग आम्ही रद्द न होणारं करून घेऊ’ ही माझी सर्वांत नावडती पळवाट. वर मोठ्या अक्षरांत तसं छापल्याने ते तसं होत नाही. कलम २०२ चा अपवाद आहे, पण तो मुखत्याराचा स्वतःचा आर्थिक हितसंबंध त्या मालमत्तेत असेल तेव्हाचा. मी तुमचं कर्ज देणं लागतो, म्हणून माझी जमीन विकून त्यातून आपली रक्कम वसूल करण्याचा अधिकार तुम्हाला दिला, असा प्रकार. मुलाची माया हा हितसंबंध नव्हे. आणि ‘पॉवर’वर घर विकत घेतलंय असं सांगणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच, सूरज लॅम्पच्या निकालात, उत्तर दिलंय: त्याने मालकी मिळत नाही. घरच्या माणसाला खऱ्याखुऱ्या कामासाठी दिलेल्या अधिकारपत्राला त्या निकालाने हात लावलेला नाही.

म्हणजे कुलमुखत्यारपत्र संपलंय आणि मृत्युपत्र अजून सुरू झालेलं नाही, असा एक मधला काळ असतो आणि तो काही वर्षांचाही असू शकतो. त्यासाठी आपल्याकडे सोपा कागद नाही. कोमातल्या माणसासाठी उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने पत्नींना असं नेमलेलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, मालमत्तेपुरता नाही. अतिदक्षता विभागातले शेवटचे निर्णय हा तर वैद्यकीय इच्छापत्राचा (‘लिव्हिंग विल’चा) विषय, त्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने खुली झाली.

कोर्टाची पायरी टाळायची असेल तर धडधाकट असतानाच हालचाल हवी. रोजच्या खर्चाचं बचत खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने संयुक्त करा. एकाची शुद्ध गेली तरी दुसऱ्याची सही चालते. मुदतठेव मुदतीआधी मोडायची झाल्यास बँकेला काय लागेल ते आत्ताच विचारून लेखी सूचना देऊन ठेवा. मालमत्ता मोठी असेल तर खाजगी न्यासाचा (ट्रस्टचा) विचार करा, विश्वस्ताचं काम तुमच्या शुद्धीवर अवलंबून राहत नाही. फक्त स्थावर त्यात घालताना मुद्रांकाचा हिशेब आधी काढा. या भीतीपोटी घर मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते परत मिळवता येतं, पण अटी आहेत आणि पायपीटही.

आणि कुलमुखत्यारपत्र करायचंच, तर कामापुरतं करा. ‘माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत’ असं सरसकट लिहून देण्याचा हा काळ नाही. पुढे रद्द केलंत तर नुसता रद्दलेख कपाटात ठेवून भागत नाही. मुखत्याराला, बँकेला, सोसायटीला लेखी कळवा, पोच घ्या आणि मूळ प्रत परत मागा, कारण ज्याला कळलेलंच नाही त्याच्यापुरता तुमचा जुना शब्द अजून चालू असतो.