स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार: पारखायच्या कसोट्या आल्या कुठून?

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला नवखा माणूस हमखास तीन गोष्टी विचारतो: कंपनी कुठली, बनली कुठे आणि लाकूड कोणतं? जुन्या वादकांकडून ऐकून ऐकून हे प्रश्न त्याला पाठ झालेले असतात. ते चुकीचे नाहीत, पण शिळे आहेत. प्रत्येक प्रश्न कधीतरी एका ठोस कारणाने उभा राहिला. पुढे कारण सरलं, प्रश्न मात्र मागे राहिला.

गंमत अशी, की आज प्रतिष्ठेची मानली जाणारी फेंडर टेलिकास्टर हीच मुळात काटकसरीतून घडलेली वस्तू आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५० साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारची बॉडी म्हणजे एक सपाट लाकडी फळी होती आणि नेक, म्हणजे जिच्यावर तारा दाबतात ती लांब दांडी, तिला चार स्क्रूंनी आवळलेली होती. गिब्सनसारख्या जुन्या कंपन्या नेक सरसाने कायमची चिकटवत, आणि ते मुरलेल्या कारागिराचं काम होतं. फेंडरचा हिशोब रेडिओ दुरुस्तीवाल्याचा: भाग बिघडला, तर काढा आणि दुसरा लावा. गिब्सनने १९५२ मध्ये लेस पॉल ही गिटार आणली ती कोरलेली कमानदार बॉडी आणि चिकटवलेली नेक घेऊनच. ‘स्क्रूची नेक म्हणजे हलका माल’ हा समज या फरकातून आला आणि आजही तो अधूनमधून कानावर पडतो. त्यात दम नाही. उलट सुटे भाग जोडून गिटार उभी करता येते, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण रॉक वादक एडी व्हॅन हॅलेनचं आहे. ५० डॉलरची कारखान्यात सदोष ठरलेली बॉडी आणि ८० डॉलरची नेक घेऊन त्याने आपली गिटार जुळवली होती.

अगदीच स्वस्तातल्या गिटारीचा बाजार मात्र वेगळ्या वाटेने वाढला, टपालाने माल मागवायच्या कॅटलॉगमधून. शिकागोतल्या हार्मनी आणि के या कंपन्या, न्यू जर्सीतली नेथन डॅनियलची डॅनइलेक्ट्रो यांचा माल अमेरिकेत घरोघर जाई तो बहुधा दुसऱ्याच नावाने. सीअर्स ही मोठी विक्री कंपनी तो ‘सिल्व्हरटोन’ म्हणून विकायची. म्हणजे हेडस्टॉकवरचं (नेकच्या टोकावरचं) नाव विकणाऱ्याचं आणि काम तिसऱ्याच कुणाचं, हा प्रकार अलीकडचा अजिबात नाही. १९६२ मध्ये आलेल्या सिल्व्हरटोन गिटारच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता. पेटी उघडायची, वायर जोडायची आणि वाजवायला लागायचं.

या गिटारी आतून कशा होत्या ते पाहण्याजोगं आहे. आत लाकडाची चौकट, वर-खाली मेसोनाइट, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला पातळ तक्ता, आणि कडेचा जोड झाकायला चिकटवलेली व्हिनाइलची पट्टी. नट, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, अ‍ॅल्युमिनियमचा. पिकअपची, म्हणजे तारांच्या कंपनातून विजेचा संकेत तयार करणाऱ्या भागाची, तांब्याची गुंडाळी आणि चुंबक बसवायला चक्क लिपस्टिकच्या नळ्या वापरल्या होत्या. कागदावर हे वर्णन वाचून आज कुणी ती गिटार घेणार नाही. पण लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजने डॅनइलेक्ट्रो मोठ्या मंचांवर वाजवली, आणि त्या नळीतल्या पिकअपचा खणखणीत आवाज अजूनही लोक मुद्दाम शोधतात. डॅनियलने पैसे वाचवले ते दिसण्यात आणि साहित्यात. सूर जिथे ठरतो तिथे, म्हणजे फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) जागा आणि पिकअप यांत, त्याने तडजोड कमी केली. स्वस्त आणि टाकाऊ यांतली रेषा बहुतेक वेळा इथेच असते: पैसे वाचवलेत, पण कुठे?

१९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले आणि पोरापोरींना गिटार हवीशी झाली. अमेरिकी कारखान्यांना ती मागणी झेपेना. ती पोकळी जपानने भरली. टोकियोची टेइस्को आणि तिच्यासारख्या कंपन्यांच्या गिटारी वेगवेगळ्या नावांनी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये आल्या: चार चार पिकअप, बटणांच्या रांगा, चकचकीत पत्रे. कॅटलॉगमधल्या चित्रात जास्त बटणं म्हणजे जास्त गिटार असंच दिसतं ना! वाजवताना मात्र अनेक गिटारींच्या तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच असत, की शिकाऊ मुलाची बोटं सोलून निघत. ‘जपानी म्हणजे खेळणं’ हा शिक्का तेव्हाचा. तरीही शिकागोचा हाउंड डॉग टेलर अशाच जपानी गिटारवर ब्लूज वाजवत राहिला. तो स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची नळी, वापरायचा. त्यामुळे तारा दाबायचा प्रश्नच नव्हता. उंच तारा त्याच्या पथ्यावरच पडल्या. त्या काळातल्या सोनेरी पत्र्याच्या पिकअपना आता वेगळी मागणी आहे, आणि नवे कारखाने त्यांच्या नकला काढतात.

पुढच्या दहा वर्षांत चित्र पालटलं, आणि दोन्ही बाजूंनी. सीबीएस या प्रसारण कंपनीने जानेवारी १९६५ मध्ये फेंडर १३० लाख डॉलरना घेतली होती. उत्पादन वाढलं, पण कारागिरी घसरल्याची तक्रार १९७०च्या दशकात सर्रास होऊ लागली. त्याच वेळी जपानमधल्या मात्सुमोतो शहरातले कारखाने भलतेच तयार झाले. तिथली मात्सुमोकू ही कंपनी आधी शिलाई यंत्रांची लाकडी कपाटं बनवायची. फुजिगेन १९६० मध्ये सुरू झालेली. या कारखान्यांतून गिब्सन आणि फेंडरच्या हुबेहूब नकला निघू लागल्या आणि काही तर मूळ मालाच्या तोडीच्या असल्याचं वादक उघड बोलू लागले.

जून १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने इबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकी शाखेवर दावा लावला. मुद्दा होता हेडस्टॉकच्या आकाराचा. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं आणि इबानेझ स्वतःच्या आकारांकडे वळली. एवढ्याशा घटनेवर मोठा बाजार उभा आहे. ‘लॉसूट गिटार’, म्हणजे दाव्यातली गिटार, हा शब्द आज जुन्या मालाच्या जाहिरातीत त्या दशकातल्या कुठल्याही जपानी नकलेला चिकटवतात, जिच्यावर कधी दावा झालाच नाही तिलाही. आणि दावा झाला म्हणून गिटार चांगली ठरते, हे तर्कशास्त्र मला कधी कळलेलं नाही. भांडण हेडस्टॉकच्या आकारावरून होतं. तिथून गिटारच्या आवाजाबद्दल काहीच कळत नाही.

फेंडरने शहाणपणाचा मार्ग धरला. नकला करणाऱ्यांशी लढत बसण्यापेक्षा १९८२ मध्ये जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान ही कंपनी काढली आणि फुजिगेनकडूनच गिटारी बनवून घेतल्या. स्वस्त मालासाठी स्क्वायर हे नाव वापरलं. ते मिशिगनमधल्या एका जुन्या तारा बनवणाऱ्या कंपनीचं होतं आणि ती कंपनी फेंडरकडे १९६५ मध्येच आली होती. सुरुवातीच्या त्या स्क्वायर, ज्यांच्या क्रमांकाआधी जेव्ही ही अक्षरं आहेत, आज संग्राहक शोधत फिरतात.

मग जपानी माल स्वस्त का राहिला नाही? कारण गिटारीशी संबंधच नसलेलं. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवायचा करार केला. तेव्हा डॉलरला सुमारे २४० येन मिळत. १९८७ संपताना ते जवळपास निम्म्यावर आले. येन महागला, त्यामुळे जपानमध्ये बनलेली शिकाऊ गिटार परवडेनाशी झाली. काम कोरियाला गेलं, सॅमिक आणि कोर्टसारख्या कारखान्यांकडे. कोरियातली मजुरी वाढली तसं १९९०च्या दशकात ते इंडोनेशियात आणि चीनमध्ये सरकलं. गिब्सनने २००४ मध्ये एपिफोन या आपल्या स्वस्तातल्या ब्रँडसाठी चीनमधल्या छिंगताओला स्वतःचा कारखाना काढला. दर वेळी तोच खेळ झाला: नव्या देशाच्या पहिल्या काही वर्षांच्या मालाला लोकांनी नाकं मुरडली, हात बसला की माल सुधारला, पण बदनामी मागे राहिली. देशाचं नाव तेव्हाच काही सांगतं, जेव्हा त्याच्या जोडीला साल आणि कारखाना ठाऊक असतो.

देशाचं महत्त्व कमी व्हायला संगणकाने चालणाऱ्या कटाई यंत्रांचाही मोठा हात आहे. पूर्वी नेकची खाच सैल झाली, पूल (ब्रिज, बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) तिरका बसला, फ्रेटच्या जागाच चुकल्या असे दोष स्वस्त मालात असायचे. ती गिटार सुरात यायचीच नाही. यंत्रं आली आणि हे दोष जवळपास नाहीसे झाले. यामाहाची पॅसिफिका १९९० मध्ये निघाली. तिचं स्वस्तातलं ११२ हे मॉडेल वर्षानुवर्षं शिकाऊंना सुचवलं जातं, ते अशा काटेकोर, एकसारख्या कामाच्या जोरावर.

यंत्राने जे परवडत नाही ते मात्र अजून हातावर आहे, आणि फरक आता तिथेच दिसतो. फ्रेट एका पातळीत घासणं, त्यांची टोकं गोलावणं, नटच्या खाचा नेमक्या खोलीच्या करणं, या प्रत्येक कामाला माणसाचा वेळ लागतो. कारखाना वाचवतो तो हाच वेळ. नट पाहायचा सोपा मार्ग आहे. तार तिसऱ्या फ्रेटजवळ दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघायचं. कागद जेमतेम सरकेल एवढी फट ठीक. ठळक फट दिसली, तर पहिल्या फ्रेटवरचे सूर दाबताना चढे लागणार, आणि शिकाऊ बिचारा आपला कान कच्चा समजून बसणार. नेकच्या कडेवरून तळहात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात का ते कळतं. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं, धातू नाही. म्हणून दुकानात गुळगुळीत वाटलेली गिटार घरी टोचू शकते. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

धातूकामातही पैसे वाचवले जातात. पुलाखालचा ठोकळा पातळ असतो, ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, सैल फिरतात. पिकअपमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांऐवजी पोलादी खांबांखाली सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली असते. सिरॅमिक स्वस्त आहे, वाईट नव्हे. आवाज जरा कडक येतो आणि कित्येकांना तोच हवा असतो. शिवाय पिकअप बदलता येतो. खराब फ्रेटकाम निस्तरायला मात्र जाणकार माणूस लागतो.

लाकडाचं थोडक्यात. जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. कारखान्यांनी फ्रेटबोर्डसाठी पाऊ फेरो, लॉरेल अशी लाकडं धरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण बदललेलं लाकूड बऱ्याच मॉडेलांवर तसंच राहिलं. त्यामुळे एखाद्या गिटारवर रोझवूड नसणं म्हणजे कंपनीने फसवलं असं नाही. ती साधारण कोणत्या काळात बनली असावी, एवढाच अंदाज त्यातून येतो.

आता सीअर्सच्या कॅटलॉगची जागा इंटरनेटने घेतली आहे. जर्मनीतला टोमान हा मोठा विक्रेता आशियात बनवून घेतलेला माल हार्ले बेंटन या स्वतःच्या नावाने विकतो, आणि मधले हात गाळल्यामुळे त्याच पैशात भारी सामान देऊ शकतो. अशी गिटार वाजवायला उत्तम असू शकते. पुन्हा विकायला काढली की मात्र तिला फेंडर-यामाहासारखा भाव येत नाही. दोन-चार वर्षांत बदलायची असेल, तर हा फरक खरेदीच्या किमतीतच धरायला हवा. पूर्वी दुकानातला जाणकार गिटार हाती देण्याआधी तारा बसवून, नेक जुळवून द्यायचा. खोक्यातून घरी आलेल्या गिटारवर ते काम बऱ्याचदा झालेलं नसतं. तो सेटअप आणि गरज पडली तर फ्रेट घासायची मजुरी धरली, की सगळ्यांत स्वस्त गिटार पुष्कळदा तिच्या वरच्या पायरीवरच्या गिटारच्या भावाला जाऊन पोचते.