टर्पेंटाइन, थिनर आणि पॉलिस्टायरीन: वॉशमागची पार्श्वभूमी

बडोद्यात हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर द्या’ म्हटलं, की बहुतेक वेळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर समोर येतो. लाकडावरच्या लॅकरला तो बरोबर; पण त्यात टोल्युईन, अ‍ॅसिटोन असली द्रावकं असतात आणि विमान-जहाजांच्या छोट्या मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यांत विरघळतं. ‘टर्पेंटाइन’ मागावं तर मिळतं एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन. त्याचा झाडाशी काही संबंध नाही. मॉडेलवर वॉश (पातळ गडद रंगाचा हात) देणाऱ्याने या नावांचा इतिहास जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण एक विमान मी याच गोंधळात गमावलं आहे.

पातळ गडद रंग ओघळून खाचांत साठतो आणि उंचवटे उजळ राहतात, ही वॉशची युक्ती मॉडेलवाल्यांनी तैलरंगाकडून घेतली. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चित्रं काढून घेतली, त्या काळी टर्पेंटाइन म्हणजे चीडाच्या राळेपासून काढलेलं तेल. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्रायक्लीनिंगच्या दुकानांतल्या आगी टाळण्यासाठी स्टॉडर्ड सॉल्व्हंट आलं. ते पेट्रोलियमपासूनचंच, पण सुमारे ३८ अंश सेल्सियसच्या खाली सहज पेट न घेणारं. व्हाइट स्पिरिट आणि आपलं एमटीओ ही त्याचीच भावंडं. रंगकामात राळेच्या तेलाची जागा त्यांनी घेतली, नाव मात्र जुनंच राहिलं.

गंमत म्हणजे पॉलिस्टायरीनचं मूळही राळेतच. १८३९ मध्ये बर्लिनचे औषधविक्रेते एडुआर्ड सिमोन यांनी स्टोरॅक्स नावाच्या राळेतून स्टायरीन वेगळं केलं. कारखान्यातून प्लास्टिक निघायला मात्र १९३० च्या आसपासचा काळ उजाडला. १९३६ ची ‘फ्रॉग पेंग्विन’ ही जोडायच्या विमानांची किट्स सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. पॉलिस्टायरीनचा जमाना महायुद्धानंतरचा. एअरफिक्स कंपनीचं ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं किट १९५२ चं. नंतरच्या दशकांत अमेरिकेचे शेप पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन या मॉडेलकारांच्या कामामुळे वॉश जगभरच्या टेबलांवर पोचला.

आता माझं विमान. १:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, रंग न दिलेलं. एमटीओत काळा तैलरंग कालवून चाकांच्या खोबणीत भरपूर सोडला. सकाळी चाकाचा पाय टचकन तुटला. तुटलेली कड काचेसारखी स्वच्छ, विरघळल्याची खूण कुठेही नाही.

माझे काका बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत होते. ती १९६५ साली सुरू झाली, तेव्हा नॅफ्था, हेक्झेन हे शब्द आमच्या घरात वरणभाताइतकेच ओळखीचे. तो पाय बघून ते म्हणाले, “अरे, हे विरघळलं नाही, तडकलंय.” वितळलेलं प्लास्टिक दाबाने थंड साच्यात जातं, तेव्हा त्याच्या लांब साखळ्या ताणलेल्या अवस्थेतच गोठतात. द्रावक साखळ्यांच्या मधे शिरलं की त्यांची एकमेकींवरची पकड सुटते आणि अडकलेला ताण भेग होऊन बाहेर पडतो. म्हणून बारीक पाय आणि पारदर्शक कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण) आधी जातात. वॉश जिथे साचून राहतो तिथे धोका सर्वांत जास्त, आणि उघड्या प्लास्टिकवर तर फारच. आधी रंगाचा आणि ग्लॉसचा (चकचकीत लेपाचा) पूर्ण वाळलेला थर हवा.

शिवाय साध्या व्हाइट स्पिरिटमध्ये अ‍ॅरोमॅटिक भाग (टोल्युईनच्या जातीची संयुगं) २५ टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि पॉलिस्टायरीनला सर्वाधिक जवळचा तोच. चित्रकलेच्या दुकानातल्या बिनवासाच्या प्रकारातून तो जवळपास काढून टाकलेला असतो. वास नाही म्हणून वाफ नाही असं मात्र नव्हे. खिडकी उघडीच ठेवा. ‘नैसर्गिक’ या शब्दावरही विसंबू नका: संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन थर्मोकोल, म्हणजे पॉलिस्टायरीनच, बघता बघता विरघळवतं.

काकांनी मग एक चाचणी दाखवली. स्प्रूचे (किटचे भाग जिला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या काडीचे) दोन तुकडे कमानीसारखे वाकवून दोऱ्याने बांधले, एकाच्या पाठीवर एमटीओ आणि दुसऱ्याच्या पाठीवर बिनवासाचं द्रावक थेंब थेंब घातलं, आणि दोन्ही रात्रभर ठेवले. सकाळी एमटीओच्या कमानीवर केसासारख्या पांढऱ्या रेघा होत्या. दुसरी जशीच्या तशी.